तळ्याकाठची क्षेत्रभेट: पाचवीच्या वर्गाचा अनुभव

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोन शिक्षिका पाचवीच्या ४२ मुलांना घेऊन धारावीतील महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेलो होतो. भेटीचे आयोजन एका खासगी निसर्गशिक्षण संस्थेकडे होते आणि हा अभिप्राय तिच्या कामाविषयी आहे. एके काळी जिथे शहराचा कचरा टाकला जात असे, त्याच ३७ एकरांवर, मिठी नदीच्या काठी, हे रान उभे आहे हे मुलांना प्रथम खरेच वाटेना.

मार्गदर्शक ताईंनी भाषण केले नाही. जाळीने तळ्याच्या काठचे थोडे पाणी, शेवाळ आणि कुजलेली पाने उचलून त्यांनी ती पांढऱ्या ट्रेमध्ये ओतली आणि मुलांना पाच मिनिटे हात न लावता नुसते बघायला सांगितले. गढूळ पाणी निवळले तशी हालचाल दिसू लागली. एका पाणढेकणाच्या पाठीवर अंड्यांचा दाट थर होता. ती अंडी पाठीवर वाहणारा नर असतो हे कळल्यावर मुली त्या ट्रेपासून हलेनात. पुढे ताईंनी चतुराच्या अळीच्या शेपटीजवळ खाण्याच्या रंगाचा एक थेंब सोडला. अळीने मागच्या बाजूने पाणी जोरात फेकले, रंगाची बारीक रेघ उमटली आणि ती सर्रकन पुढे सरकली. ती श्वासही त्याच वाटेने आत घेतलेल्या पाण्यातून घेते, हे त्यानंतर वेगळे समजावण्याची गरज उरली नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो डासांचा भाग. मुंबईतल्या मुलांना साचलेले पाणी म्हणजे डेंग्यू एवढेच ठाऊक असते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास प्रामुख्याने पिंपात, कुंडीखालच्या थाळीत, टायरमध्ये वाढतो, आणि जिवंत तळ्यात मात्र त्याच्या अळ्या खाणारे चतुर, पाणढेकूण व मासे हजर असतात, हा फरक ताईंनी ट्रेमधले जीव दाखवत मांडला. एका मुलाने लगेच गच्चीतल्या कुंड्यांची चौकशी केली.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. ४२ मुलांसाठी भिंगे फक्त आठ होती आणि मार्गदर्शक एकच, त्यामुळे मागच्या दोन गटांना पाणनिवळ्या, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर फिरणारे किडे, जेमतेम पाहायला मिळाल्या. प्रत्येक गटाला स्वतंत्र मार्गदर्शक देण्याचे आश्वासन नोंदणीच्या वेळी मिळाले होते, ते पाळले गेले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब दाखवण्याचा कार्यक्रमही वेळेअभावी गुंडाळला. दर माणशी ३५० रुपये घेतल्यावर हे व्हायला नको होते.

प्राणी परत तळ्यात सोडताना मात्र ताईंनी घाई केली नाही. ट्रे पाण्याच्या पातळीला टेकवून हळू तिरपा केला आणि गोगलगायी पानासकट सोडल्या. पुढच्या वर्षी मी हीच भेट ठरवीन, परंतु वर्गाच्या दोन तुकड्या करून, गटागणिक मार्गदर्शक लेखी मागून आणि घरून चहाच्या गाळण्या व भिंगे घेऊन.