गोमुखच्या परवान्याचे म्हणून 36,900 रुपये घेतले आणि हातात दिली फुकटची यात्रा नोंदणी

सोलापूर, पंढरपूर, धाराशिव या बाजूने कोणी येत्या हंगामात गंगोत्रीहून पुढे गंगेच्या उगमाशी, गोमुखला चालत जायचं ठरवत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आम्हा सहा जणांचे 36,900 रुपये गेले आणि गोमुख दिसलंच नाही. चारचौघांत सांगायची लाज वाटते म्हणून घरचे म्हणत होते की गप्प बस. पण आम्ही गप्प बसलो तर तोच माणूस पुढच्या सहा जणांना गाठणार. म्हणून लिहिते आहे.

आम्ही काही नवखे नाही. रोज पहाटे कंबर तलावाला फेऱ्या मारणारा आमचा गट आहे. वासोटा केलाय, कळसूबाई केलंय. वासोट्याला बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची, पावती घ्यायची, मग बोटीत बसायचं, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे जंगलात शिरायला परवाना लागतो हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. उलट तेच माहीत असल्यामुळे आम्ही सापडलो.

गोमुखचं गणित असं आहे. गंगोत्रीपासून वाट 18 किलोमीटरची. वाटेतले थांबे म्हणजे चीडबासा 9 वर, भोजबासा 14 वर. हा सगळा भाग गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतो आणि दिवसाला फक्त 150 माणसांना आत सोडतात. हा 150 चा आकडा खरा आहे, आणि त्या माणसाचा सगळा धंदा या एका खऱ्या आकड्यावर चालतो. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. आम्ही उघडल्या उघडल्या कर्नाटक एक्स्प्रेसची जाता-येताची तिकिटं काढून ठेवली होती. तिकिटं हातात आहेत, तारखा बदलता येत नाहीत, आणि समोरचा सांगतोय की तुमच्या तारखेला फक्त अकरा जागा उरल्यात. अशा वेळी माणूस काय करेल?

मोबाईलवर जाहिरात आली होती. सरकारी वाटावं असं चिन्ह, बर्फाचा डोंगर, खाली 'अधिकृत परवाना साहाय्य'. फोनवर अतिशय नम्र माणूस. प्रत्येक वाक्यात 'मॅडमजी'. चीडबासा, भोजबासा, तिथली राहायची सोय, वाटेत दरड कुठे कोसळते, सगळं घडाघडा सांगायचा. तो तिकडचाच असावा किंवा तिथे राहून आलेला असावा, याबद्दल मला आजही शंका नाही.

पैसे एकदम मागितले असते तर आम्ही सावध झालो असतो. त्याने ते चार वेळा मागितले. आधी परवाना शुल्क माणशी 1,850, म्हणजे 11,100. मग कचऱ्याची अनामत माणशी 2,500, म्हणजे 15,000. परत आल्यावर खात्यात जमा होणार म्हणाला. प्लास्टिकसाठी अनामत घ्यायची पद्धत काही जंगलांत आहे, त्यामुळे तेही पटलं. हे 26,100 माझ्या खात्यातून गेले. मग आरोग्य तपासणीच्या दाखल्यावर तिथल्या डॉक्टरची सही लागते म्हणून माणशी 600, म्हणजे 3,600. शेवटी वाटाड्याचे आगाऊ 7,200. हे 10,800 माझ्या नणंदेने भरले. प्रत्येक वेळी रक्कम अशी की एवढ्यासाठी आता काय थांबायचं, असं वाटावं. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव उमटलं ते एका मोबाईल दुकानाचं होतं. विचारलं तर म्हणाला, विभागाने ठेकेदार नेमलाय, त्याचं खातं आहे. सरकारी कामाचे पैसे दुकानाच्या नावावर जात असतील तर तिथेच थांबा. ठेकेदार, उपठेकेदार, साहेबांचा मेहुणा, काहीही सांगितलं तरी थांबा.

आता तो क्षण, ज्याने माझी झोप उडवली आहे.

पहिले दोन हप्ते भरल्यावर त्याने सहा जणांच्या सहा चिठ्ठ्या पाठवल्या. नाव बरोबर, वय बरोबर, तारीख बरोबर, खाली चौकोनी क्यूआर कोड. आम्ही त्या छापून प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने चिठ्ठी हातात घेऊन सरळ विचारलं, "मामी, यात नॅशनल पार्क असं कुठे लिहिलंय? वर तर चारधाम यात्रा लिहिलंय." चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढे होती. राष्ट्रीय उद्यानाचं नाव नाही, वनखात्याचं नाव नाही, गोमुख हा शब्द नाही, भरलेल्या पैशांचा आकडा नाही. 1,850 रुपये शुल्क घेतलेल्या कागदावर शुल्काचा उल्लेखच नाही! मी लगेच त्या माणसाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडमजी, अब सब एक ही सिस्टम में है. गंगोत्री लिखा है ना? वही पार्क है." आणि मी भाच्याला सांगितलं, झालं बघ समाधान.

तेव्हाच उत्तरकाशीतल्या उद्यानाच्या कार्यालयात एक फोन लावला असता, तर निदान दुसरे 10,800 वाचले असते. शेवटचे दोन हप्ते त्या चिठ्ठ्यांनंतर गेले आहेत, हे आठवलं की जीव जळतो. पण माझीही बाजू ऐका. ती चिठ्ठी खोटी नव्हती! त्याने आमच्या आधार कार्डांवरून सहाही जणांची चारधाम यात्रेची खरीखुरी नोंदणी केली होती. उत्तराखंड सरकारच्या संकेतस्थळावर ही नोंदणी कोणालाही करता येते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. गंगोत्रीला जायला ती लागतेच. वाटेत तपासणीला गाडी थांबवली, त्यांनी कोड स्कॅन केला, हिरवी खूण आली, पुढे जा म्हणाले. सरकारी माणसाने सरकारी यंत्रावर तपासून सोडल्यावर आम्ही कसली शंका घ्यायची? माझा भाचासुद्धा तेव्हा गप्प झाला.

गंगोत्रीहून पहाटे निघालो. दोनएक किलोमीटरवर कनखूची चौकी आहे, तिथे परवाने तपासतात. तिथल्या रक्षकाने चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, ही यात्रेची नोंदणी आहे, उद्यानाचा परवाना कुठाय? आमच्या थोरल्या दिरांनी वय 61 असूनही या वाटेसाठी वर्षभर जिने चढून तयारी केली होती. गोमुखचं पाणी स्वतःच्या हाताने भरून आणायचं म्हणून सोलापुरातून तांब्याची लोटी घेतली होती. ते त्या रक्षकापुढे हात जोडून उभे राहिले. मला ते बघवलं नाही. रक्षकाचं काही चुकलं नाही, नियम तो नियम. त्यानेच सांगितलं की भारतीय माणसाला तीन दिवसांपर्यंतचे 150 रुपये लागतात. सहा जणांचे 900! खाली येऊन रीतसर परवाना मागितला तर त्या दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या जागा भरलेल्या. परतीची गाडी ठरलेली. आम्ही मंदिरात दर्शन घेतलं आणि खाली उतरलो. हरिद्वारपासूनच्या जीपचं भाडं, राहणं-खाणं मी या 36,900 मध्ये धरलेलंच नाही.

तेव्हा नीट समजून घ्या. यात्रा नोंदणी वेगळी, उद्यानाचा परवाना वेगळा. नोंदणी फुकट. परवाना गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा, आणि त्यावर उद्यानाचं नाव हवंच. आरोग्याचा दाखला आपल्या डॉक्टरकडून घ्या. कोणाच्या सहीला 600 रुपये लागत नाहीत.

आणि आता सोलापुरात परत आल्यानंतरचं. चोराने जेवढा मनस्ताप दिला नाही तेवढा इथे झाला.

उत्तरकाशीत पोचल्यावर रेंज आली तशी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन करून तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. घरी आल्यावर तो क्रमांक घेऊन आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले. पहिला प्रश्न, "मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच कसं फसता ओ?" दुसरं वाक्य, गुन्हा तिकडे घडलाय, तिकडे द्या तक्रार. मी म्हटलं, पैसे माझ्या सोलापूरच्या खात्यातून गेलेत, मी सोलापुरात बसून पाठवलेत, मग गुन्हा तिकडे कसा? त्यावर उत्तर नाही. साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या. उद्या गेलं की अर्ज टाईप करून आणा. टाईप करून नेला तर बँकेचा शिक्का मारलेला उतारा आणा. बँकेत गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, शिक्का हवा असेल तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, उतारा आल्याशिवाय पत्र देता येत नाही. मी म्हटलं, मग मी करू काय? खांदे उडवले.

बँकेच्या व्यवस्थापकांनी तर हात झटकले. तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेत, बँकेची जबाबदारी नाही. मी भरपाई मागतच नव्हते. ज्या खात्यात पैसे गेले ते अजून चालू आहे का, ते गोठवायला तुम्ही समोरच्या बँकेला कळवलं का, एवढंच विचारत होते. ते त्यांच्या अखत्यारीत नाही म्हणे. मग कोणाच्या अखत्यारीत आहे? खातं उघडताना केवायसीसाठी माझ्याकडून वीजबिल, फोटो, आधार, सगळं दोनदा मागणाऱ्या बँकांना त्या मोबाईल दुकानाच्या खात्यामागचा माणूस सापडत नाही?

त्यात नणंदेचं खातं वेगळं, म्हणून तिची तक्रार वेगळी, असं ठाण्यात सांगितलं. एकच माणूस, एकच फोन, एकच फसवणूक, आणि तक्रारी दोन. म्हणजे तिनेही सगळ्या फेऱ्या पहिल्यापासून मारायच्या. तिथला एक जण मला समजावत होता की इथे लोकांचे पन्नास-पन्नास लाख गेलेत, तुमच्या छत्तीस हजारांचं काय घेऊन बसलाय. मोठी चोरी झाली म्हणून लहान चोरी माफ होते का? आमच्या शेजारच्या वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर हे कलम लिहून अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तसा अर्ज दिल्यावर आमचा कागद एकदाचा घेतला. अजून चौकशी सुरू आहे, एवढंच उत्तर मिळतं.

आधारच्या प्रती त्याच्याकडे आहेत, ही धास्ती वेगळीच. आम्ही सहाही जणांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर दिसतं, तेही तपासलं. कोणालाही आधार पाठवायची वेळ आली तर फक्त शेवटचे चार आकडे दिसतील अशी, आकडे झाकलेली प्रत पाठवा. ती सरकारी संकेतस्थळावरूनच मिळते.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला 1930. आमचे पैसे जाऊन आठवडे उलटले होते, म्हणून खातं वेळेत गोठवता आलं नाही. फोनवरचं बोलणं, चिठ्ठ्या, जाहिरातीचं चित्र, काहीही पुसू नका. रागाने त्याला शिव्या घालायला फोन करू नका. माझ्या नवऱ्याने केला आणि त्या माणसाने आमचे क्रमांक ब्लॉक करून टाकले, त्याचं प्रोफाइलचं छायाचित्रही दिसेनासं झालं.

हे लिहिताना तीच जाहिरात पुन्हा दिसते आहे. नाव बदललंय, डोंगर बदललाय, आता मराठीत आहे आणि फुलांच्या दरीचे परवाने देतो म्हणते. फुलांची दरी 1 जूनला उघडते आणि तिचं तिकीट घांघरियाच्या पुढे प्रवेशद्वारावर मिळतं. त्या जाहिरातीवरून कोणी पैसे भरले असतील तर पडद्यावर कोणत्या दुकानाचं नाव आलं ते बघा, आणि ते मोबाईलचं दुकान निघालं तर तक्रारीत लिहा की अशाच एका मोबाईल दुकानाच्या खात्यावर सोलापुरातून आधीच दोन तक्रारी झाल्या आहेत.