सात रस्त्याजवळचा अ‍ॅलर्जी दवाखाना : 'बेसोफिल ०' म्हणजे काय ते इथे कळलं

सोलापूरच्या घरात शेंगाचटणीशिवाय ताट होत नाही, आणि आमच्या ७ वर्षांच्या लेकीला नेमकी तीच बाधली. दोन घासांत ओठ सुजले, पाठभर गांधी उठल्या. सासूबाईंनी पित्त समजून आमसूल चोळलं. पुन्हा तसंच झालं तेव्हा एका ठिकाणी रक्त तपासलं. रिपोर्टात बेसोफिल या पांढऱ्या पेशी ० टक्के, म्हणून 'अ‍ॅलर्जी नाही' सांगून आम्हाला परत पाठवलं.

मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. पांढऱ्या पेशींत बेसोफिल ०.५ ते १ टक्का, त्यांतून खाज-सूज आणणारं हिस्टामिन सुटतं, एवढं सांगून दरवर्षी पुढे जाते. सात रस्त्याजवळच्या या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर पेशी काढूनच दाखवली. तिच्या अंगावर आयजीई ही अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं बसलेली. शेंगदाण्याचं प्रथिन शेजारच्या दोघांना एकदम चिकटलं की आतलं हिस्टामिन बाहेर. त्वचेतल्या मास्ट पेशींचंही तेच. मग पेशी किती, याला काय अर्थ? त्या कशाने बिथरतात ते पाहायचं. शंभर पेशी मोजताना एकही बेसोफिल न दिसणं तर नेहमीचंच.

हातावर शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या अर्काचे थेंब ठेवून टोचलं. पंधरा मिनिटांत शेंगदाण्याच्या जागी टरटरून गांध आली, तिळाच्या जागी काही नाही.

थेट बेसोफिलच तपासता येतात का, मी विचारलं. येतात. ताज्या रक्तात शेंगदाण्याचा अर्क घालायचा आणि पेशींवर सीडी६३ ही बिथरल्याची खूण उमटते का ते फ्लो सायटोमीटर या पेशी तपासायच्या यंत्रावर बघायचं. पण पेशी जिवंत असतानाच रक्त पोचायला हवं, आणि काहींच्या पेशी दादच देत नाहीत. 'झालेला त्रास आणि ही चाचणी जुळतेय, तुम्हाला त्या खर्चाची गरज नाही,' असं डॉक्टर आपणहून म्हणाले. तिथे माझा विश्वास बसला.

तक्रार एकच, पण मोठी. नंबर लावताना सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी (तिने टोचणीची गांध दबते) आठवडाभर आधी बंद करा, हे फोनवर कुणी बोललं नाही. पहिली खेप वाया गेली, त्यात लेकीची शाळा बुडाली.

निघताना शाळेसाठी चिठ्ठी दिली. श्वास अडकला तर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच, गोळीवर थांबायचं नाही, हे दोनदा बजावलं. सासूबाई आता तिळाची चटणी कुटतात. त्यासाठी खलबत्ताही नवा आणला.