पाळी लांबली: पट्टी, रक्ततपासणी, गोळी की थोडी वाट?

संक्रांतीनंतर दहा-एक दिवसांनी माझी भाची घरी आली. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ती शिलाईवर बसते, लग्नाला वर्ष झालंय. चहा झाला, कपबशा विसळून ठेवल्या आणि मग हळूच म्हणाली, “मावशी, अजून अडचण आली नाही गं.” गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला जायचं म्हणून तिनं पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्या बंद करून आठ दिवस उलटले होते. आणि पर्समध्ये आता पाळी आणायच्या गोळ्यांचं नवं पाकीट होतं. मेडिकलवाल्यानं काहीएक न विचारता दिलेलं.

ते पाकीट मी आधी काढून घेतलं. आपल्याकडं बायका नेमकं इथंच चुकतात. पाळी का आली नाही हे कळायच्या आधीच ती आणायच्या मागं लागतात.

मुळात लांबली कधी म्हणायचं? एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजा. 24 ते 38 दिवस म्हणजे नेहमीचंच. 28 वा दिवस चुकला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. बीज बाहेर पडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते आणि हा काळ फारसा बदलत नाही. त्यामुळं पाळी लांबते तेव्हा बहुतेक वेळा बीजच उशिरा सुटलेलं असतं. ताप, रात्रपाळी, परीक्षेचं टेन्शन, झपाट्यानं घटलेलं वजन, घरातलं एखादं दुःख, या कशानंही ते मागं सरकू शकतं.

पण संबंध आलेले असतील, तर कारण काहीही वाटो, आधी दिवस गेलेत का ते बघायचं. इथं दोन वाटा आहेत: घरची लघवीची पट्टी आणि लॅबमधली रक्ततपासणी.

पट्टी स्वस्त, मेडिकलमध्ये सहज मिळते. आशाताईंकडं ‘निश्चय’ नावाचं सरकारी किट फुकट मिळतं, मागायला लाजू नका. सकाळची पहिली लघवी घ्या. तांब्याभर पाणी पिऊन दुपारी टेस्ट केली तर लघवी पातळ होते आणि दिवस गेलेले असूनही रेघ उमटत नाही असं होऊ शकतं. भाचीनं दुसऱ्या दिवशी पहाटे केली. मोरीच्या कट्ट्यावर पट्टी सपाट ठेवली, ड्रॉपरनं तीन थेंब टाकले. ओल हळूहळू सरकत गेली आणि ‘सी’पुढं, म्हणजे पट्टी नीट चालते हे सांगणारी, गुलाबी रेघ आली. दिवस गेलेत का ते सांगणारी ‘टी’ची जागा कोरीच. ती पट्टी उचलून उजेडात धरायला लागली, मी म्हटलं, “ठेव खाली, पाच मिनिटं हात लावू नकोस.” पाकिटावर दिलेल्या वेळेतच बघायचं. तासाभरानं दिसणारी राखाडी रेघ धरायची नाही. वेळेत आलेली ‘टी’ची रेघ मात्र फिकट असली तरी दिवस गेलेत असंच समजा. एकच रेघ आली आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा करा.

रक्ताची बीटा एचसीजी (गर्भ राहिल्यावर शरीरात तयार होणारं संप्रेरक) तपासणी पट्टीपेक्षा लवकर सांगते आणि आकडा देते. सुरुवातीच्या दिवसांत हा आकडा साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो, म्हणून डॉक्टर 48 तासांनी पुन्हा रक्त घेतात. मात्र खर्च काही शे रुपयांचा. माझं मत स्पष्ट आहे: साध्या उशिराला पट्टी पुरते. रेघ संशयास्पद असेल, पोटात दुखत असेल, आधी कधी गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल, तर रक्ताचे पैसे वाचवू नका. सोनोग्राफीला पहिल्याच आठवड्यात धावलात तर बहुधा काहीच दिसणार नाही, उगीच जीव टांगणीला लागेल.

आता गोळी की वाट? पाळी आणायची गोळी म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध. पाच-दहा दिवस घ्यायचं, थांबवलं की गर्भाशयाचं अस्तर सुटून रक्तस्राव होतो. थायरॉइड, पीसीओडी किंवा वाढलेलं प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) त्यानं बरं होत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांच्या उशिराला ही गोळी मला पटत नाही. तीन-तीन महिने पाळी येत नसेल, तर मात्र अस्तर जाड होऊ नये म्हणून डॉक्टर तीच गोळी देतात आणि ते योग्यच आहे. ढकलायची गोळी थांबवल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा गेला तर टेस्ट करायची, कारण त्या गोळीनं गर्भ राहायचा थांबत नाही. हे भाचीला कुणीच सांगितलं नव्हतं.

आणि एक कळकळीनं सांगते. दुकानात ‘पाळी येत नाही, काहीतरी द्या’ म्हटल्यावर कधी कधी गर्भपाताच्या गोळ्याही हातात पडतात. गर्भ नळीत असेल तर त्या काम करत नाहीत आणि जिवावर बेततं. मूल नको असेल तरी वाट बंद नाही. 1971 चा कायदा आहे, 2021 मध्ये सुधारला आहे, 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करता येतो.

पपई, तीळ-गूळ, ओव्याचा काढा यांनी पाळी येते याला भरवशाचा आधार नाही. तिळाचा लाडू आवडीनं खा, औषध म्हणून नको.

निवांत वाट बघता येते ती कुणाला? नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलीला, 45 दिवसांपर्यंत. अंगावर पाजणाऱ्या आईला आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईलाही, पण या दोघींनी टेस्ट करूनच. संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून तातडीची गोळी घेतली असेल तर पाळी आठवडाभर पुढं-मागं होऊ शकते. ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी किंवा ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन चालू असेल तरी पाळी लांबते किंवा थांबते.

भाचीला चौथ्या दिवशी आली. पण तीन महिने येत नसेल, स्तनातून दूध येत असेल, हनुवटीवर केस वाढत असतील, पंधरा पूर्ण होऊनही मुलीची पाळी सुरू झाली नसेल, तर डॉक्टरकडं जा. जाताना कॅलेंडरवरच्या मागच्या तारखा आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

पाळी चुकलीय आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, खांद्यात कळ येतेय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, थोडं रक्त जातंय, असं झालं तर पट्टी करत बसू नका. रिक्षा बोलवा, नाहीतर 108 ला फोन लावा आणि थेट सिव्हिल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.