'हुक' (1991): मोठा झालेला पीटर पॅन आणि त्याचा दुरावलेला मुलगा

पीटर पॅन मोठा झाला तर? जेम्स बॅरीच्या 1904 च्या नाटकातला हा मुलगा कधीच मोठा होत नाही, आणि त्याच्यावरची सगळी गोष्ट त्या एका अटीवर उभी आहे. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'हुक'ने नेमकी तीच अट मोडली. इथला पीटर चाळिशीचा वकील आहे. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार जमवतो, विमानात बसायला घाबरतो आणि आपण पूर्वी कोण होतो हे साफ विसरला आहे. चित्रपट आला तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली. स्वतः स्पीलबर्गनेही पुढे त्याबद्दलची नाराजी मोकळेपणाने बोलून दाखवली. उलट त्या काळात लहान असलेल्या पिढीने तो जिवापाड जपला. पण नावं ठेवणारे आणि डोक्यावर घेणारे, दोघांच्याही बोलण्यात त्याचं खरं बळ क्वचित येतं. बालपण परत मिळवण्याचा चित्रपट अशी त्याची ओळख, आणि पटकथा मात्र जवळजवळ सगळा वेळ बापपणाबद्दल बोलत असते.

मुलांसोबत बघायचा असेल तर आधी पाच मिनिटं मूळ गोष्ट सांगून घ्या. इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रेक्षकाला पीटर पॅन पाठ असतो हे चित्रपट गृहीत धरतो. आपल्याकडच्या मुलांना ते ठाऊक असेलच असं नाही. एवढं पुरे: पीटर हा उडणारा मुलगा, तो नेव्हरलँड नावाच्या बेटावर हरवलेल्या मुलांबरोबर राहतो. उडायला परीची धूळ आणि मनात एखादा आनंदाचा विचार लागतो. त्याची सोबतीण टिंकरबेल ही चिमुकली परी. लंडनची वेंडी एकदा त्याच्याबरोबर बेटावर जाऊन आली आणि मग घरी परतून मोठी झाली. कॅप्टन हुक या चाच्याचा हात पीटरने तोडला, तो मगरीने खाल्ला. त्या मगरीने एक घड्याळही गिळलेलं असल्याने टिकटिक ऐकू आली की हुकची गाळण उडते. यातला घड्याळाचा धागा पुढे फार महत्त्वाचा ठरतो, तो सांगायला विसरू नका.

सुरुवात मुलांच्या चेहऱ्यांवर होते. शाळेत पीटर पॅनचंच नाटक चालू आहे, पीटरची धाकटी मुलगी मॅगी त्यात वेंडी झाली आहे आणि बाप प्रेक्षकांत बसून फोनवर बोलतो आहे. मग मोठा मुलगा जॅक याची बेसबॉलची मॅच. वडील येतो म्हणाले होते. त्यांच्याऐवजी ऑफिसातला माणूस व्हिडिओ कॅमेरा घेऊन येतो. लंडनच्या विमानात जॅक एक चित्र काढतो, त्यात घरातले सगळे पॅराशूट लावून खाली येत आहेत आणि बापाला तेवढं पॅराशूट नाही. तक्रारीचा एक शब्दही नाही, आणि मुलाने सगळा हिशेब मांडलेला असतो. लंडनच्या घरी म्हातारी वेंडी पीटरचा धंदा ऐकून घेते आणि म्हणते, म्हणजे तू चाचाच झालास की. या म्हाताऱ्या वेंडीचं काम करणारी मॅगी स्मिथ तेव्हा साठीचीही नव्हती, छपन्न वर्षांची होती. रंगभूषेने तिला म्हातारं केलं खरं, पण ते वाक्य ती ज्या थकल्या मायेने टाकते ते रंगभूषेच्या हातचं नव्हे.

पीटर घरच्यांसह लंडनला आला आहे तो वेंडीच्या सन्मानाच्या समारंभाला. हा समारंभ ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलसाठी आहे, यामागे खरा इतिहास आहे. बॅरीने 1929 साली पीटर पॅनचे हक्क लंडनच्या याच मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. पुढे 1988 च्या ब्रिटिश कायद्याने त्याची रॉयल्टी रुग्णालयाला कायमची मिळेल अशी सोय झाली. समारंभाच्याच रात्री हुक घरातून दोन्ही मुलांना पळवतो.

पाऊण तासाच्या आसपास आपण बेटावर पोहोचतो आणि चित्रपटाचा चेहराच बदलतो. लंडनच्या घरात सावल्या होत्या, लाकडाचा उबदारपणा होता, खिडकीबाहेर बर्फ होता. चाच्यांचं बंदर मात्र भगभगीत रंगवलेला रंगमंच दिसतं, कारण ते खरोखरच बंद स्टुडिओत उभं केलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत, पूर्वीच्या एमजीएम या चित्रपट कंपनीच्या आणि तेव्हा सोनीकडे आलेल्या आवारात, गलबत पूर्ण आकाराचं बांधलं गेलं. दृश्यरचनेसाठी नॉर्मन गारवुडच्या जोडीला जॉन नेपिअर हे ब्रिटिश संगीत-रंगभूमीवरचं मोठं नाव होतं. पीटर पॅन हे नाताळात रंगमंचावर होणारं मुलांचं नाटक, आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत बालनाट्यं लागायची तसं. त्यामुळे रंगवलेलं आकाश आणि लाकडी समुद्रकिनारा ही निवड पटण्यासारखी आहे. बिघडतं ते प्रमाणात. बंद जागेत वारा नाही, क्षितिज नाही, उन्हाची दिशा बदलत नाही. त्यामुळे तास-दीड तास त्याच प्रकाशात बसल्यावर बेट मोठं वाटण्याऐवजी हळूहळू लहान होत जातं. हरवलेल्या मुलांच्या झाडावर स्केटबोर्डचे उतार आणि बास्केटबॉलच्या जाळ्या टांगल्या आहेत. ते बेट काळाबाहेरचं वाटायला हवं होतं. त्या सामानामुळे त्याच्यावर 1991 चा शिक्का बसला.

आता हुक. पटकथेतली सगळ्यात हुशार कल्पना त्याच्या वाट्याला आली आहे. पोट सुटलेला, शिडावर चढताना थरथरणारा पीटर बघून त्याला लढाईत रसच उरत नाही. मग त्याचा चेला स्मी (बॉब हॉस्किन्स) सुचवतो की पीटरला मारण्यापेक्षा त्याच्या मुलांनाच आपलंसं करा. हुक चक्क शाळा भरवतो आणि आईबाप मुलांचा तिरस्कार का करतात हे फळ्यापाशी उभं राहून शिकवतो. मॅगी बधत नाही, तिला आईची अंगाई आठवते. जॅकचं तसं नाही. बापाने मोडलेली वचनं त्याच्याकडे मोजलेली आहेत. हुक त्याला मोडक्या घड्याळांच्या खोलीत नेतो आणि हातोडा देतो. जॅक एकेक घड्याळ फोडताना बापाने काय काय चुकवलं ते बोलत जातो. ज्या टिकटिकीला हुक आयुष्यभर भ्याला, ती टिकटिक या मुलासाठी बापाला कधीच नसलेल्या वेळेची आहे. एकाच वस्तूत दोघांची दुखरी नस सापडली, म्हणून हे दृश्य इतकं लागतं.

पुढे हुक जॅकसाठी चाच्यांची बेसबॉल मॅच ठेवतो. बाप जिथे आला नव्हता तिथे हा सगळ्या गावासकट हजर. चाच्यांच्या हातातले फलक उलटसुलट धरले जातात आणि 'होम रन, जॅक'च्या जागी 'रन होम, जॅक', म्हणजे 'घरी पळ, जॅक', असा मजकूर होतो. मुलांना ते ओळखून दाखवायला सांगा, फार मजा येते. पीटर वेष पालटून हे सगळं पाहतो आहे. आपल्या जागी दुसरा माणूस अधिक चांगला बाप झालेला पाहणं ही खरी शिक्षा, तलवारबाजी त्यापुढे काहीच नाही. नाटकात पहिल्या प्रयोगापासून वेंडीचे वडील आणि हुक या दोन्ही भूमिका एकाच नटाने करायची चाल आहे. स्पीलबर्गने भूमिका वेगळ्या केल्या, पण बाप आणि चाचा यांचं ते जुनं नातं अचूक उचललं. डस्टिन हॉफमनचा हुक डौलदार, कंटाळलेला आणि लाडावलेला आहे. त्याच्या लांब कुरळ्या विगपासून लाल-सोनेरी कोटापर्यंत सगळं अँथनी पॉवेलच्या वेशभूषेचं वैभव.

रॉबिन विल्यम्स पहिल्या अर्ध्या भागात स्वतःला आवरून धरतो, आणि विनोदासाठी ओळखल्या जाणाऱ्या नटाला हे सोपं नव्हतं. बेटावर एक लहान मुलगा त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपतो, गाल ओढतो, चष्मा काढतो आणि सुरकुत्यांखाली त्याला जुना पीटर सापडतो. विल्यम्स त्या क्षणी काहीच करत नाही, आणि तेच बरोबर आहे. रिकाम्या ताटांच्या जेवणाचं दृश्य सगळ्यांना आठवतं. मुलं हवा खाताहेत, पीटर वैतागला आहे, मग हरवलेल्या मुलांचा म्होरक्या रुफिओ याच्याशी शिव्यांची जुगलबंदी रंगते आणि पीटर रिकामा चमचा त्याच्या दिशेने झटकतो तेव्हा रुफिओचा चेहरा रंगीत लगद्याने खराच माखतो. दृश्याची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे, कारण अन्न दिसायला लागतं ते पीटर खेळायला लागल्यावर. त्याआधी कॅमेराही आपल्याला काही दाखवत नाही.

दीड तास उलटून गेल्यावर पीटर उडतो. त्याचा आनंदाचा विचार कोणता? झाडाखालच्या जुन्या घरात त्याला बाबागाडी, आई, वेंडी, सगळं आठवतं, पण जमिनीवरून पाय उचलतात ते तान्ह्या जॅकला पहिल्यांदा हातात घेतल्याच्या आठवणीने. म्हणजे त्याला उडवणारी गोष्ट मोठेपणीच मिळालेली होती. यानंतरचं वळण अनेकांच्या नजरेतून निसटतं. उडायला लागलेला पीटर इतका मूल होतो की आपण इथे कशासाठी आलो हेच विसरतो. मोठेपणी बालपण विसरला होता, आता बालपणात मुलं विसरला. टिंकरबेल त्याला भानावर आणते. पटकथेने यावर आणखी थांबायला हवं होतं. टिंकरबेलचं प्रेम घाईत उरकलं आहे. तिथे ज्युलिया रॉबर्ट्सला दोष देण्यात अर्थ नाही. आकाराच्या फरकामुळे तिने बहुतेक काम निळ्या पडद्यासमोर एकटीने केलं, आणि समोर माणूस नसल्याचं तिच्या नजरेत दिसतं.

जॉन विल्यम्सच्या संगीताबद्दल मात्र दुमत नसावं. पीटरच्या अमेरिकेतल्या घरासाठी हलकं पियानो-जॅझ, हुकसाठी झोकदार कूच, आणि उड्डाणाची धून सुरुवातीला तुकड्यातुकड्याने कानावर घालून पीटर खरोखर उडाल्यावरच पूर्ण वाजू दिलेली. आधी हा संगीतपट करायचा बेत होता. त्या गाण्यांतलं मॅगीचं रात्रीचं गाणं उरलं आणि त्याला ऑस्कर नामांकनही मिळालं. एकूण नामांकनं पाच, पुरस्कार एकही नाही. सुमारे 7 कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात 30 कोटींच्या आसपास कमावले, त्यामुळे तो आपटला असं जे सांगितलं जातं ते खरं नाही.

सगळ्यात मोठा दोष शेवटच्या लढाईत आहे. मुलं टोमॅटो, अंडी, गोट्या घेऊन लढतात, चाचे घसरून पडतात, सगळं हसतखेळत चालू असतं. अशात हुक रुफिओला ठार मारतो. आपल्याला तुझ्यासारखा बाप हवा होता, असं तो पीटरला मरताना सांगतो. दान्ते बास्कोने हा उर्मट, दुखावलेला मुलगा जीव ओतून केला आहे, त्यामुळे मृत्यू खरा वाटतो. आणि थोड्याच वेळात मुलं पुन्हा खिदळत असतात. नेव्हरलँडमध्ये मुलं मागचं विसरतात, असं बॅरीच्या आधाराने म्हणता येईल, पण चित्रपट तसं काही दाखवत नाही. त्याला पुढे जायची घाई आहे. हुकचा शेवटही असाच. त्या जुन्या मगरीला मारून तिचाच केलेला घड्याळाचा मनोरा त्याच्यावर कोसळतो, तो नाहीसा होतो, आणि नेमकं काय झालं हे कळतच नाही.

वय किती हवं? सात-आठच्या पुढे. त्याहून लहान मुलांना तीन जागा जड जातील: एका चाच्याला पेटीत कोंडून आत विंचू सोडतात ती शिक्षा, रुफिओचा मृत्यू, आणि हुक स्वतःवर पिस्तूल रोखून मरायचं नाटक करतो तो प्रसंग. हा शेवटचा विनोदासाठी लिहिलेला आहे, पण मुलं प्रश्न विचारतील, तयारीत राहा. शिव्यांची जुगलबंदी इंग्रजीत असली तरी मुलं ती नक्की उचलतात.

लांबी 142 मिनिटं, मुलांसाठी एका बैठकीत जास्तच. रिकाम्या ताटांचं जेवण संपल्यावर थांबवा, कारण तिथे मुलांचा उत्साह टिपेला असतो आणि पुढची घड्याळांची खोली ताज्या डोक्याने बघायला हवी. मोबाइलवर बघू नका. चौकट आडवी, रुंद आहे आणि बंदराच्या दृश्यांत कडेकडेला बरंच काही चाललेलं असतं. लहान पडद्यावर ते हरवतं. चाच्यांच्या गर्दीत दाढी लावून ग्लेन क्लोज आहे, पोलीस निरीक्षक म्हणून गायक फिल कॉलिन्स आहे आणि तरुण वेंडी म्हणजे ग्विनेथ पॅल्ट्रो. सुरुवातीचा लंडनचा भाग मुलांना संथ वाटला तरी पुढे ढकलू नका. जॅक प्रत्येक घड्याळाबरोबर काय फोडतो आहे ते तो भाग बघितल्याशिवाय कळत नाही.