गिटहबची फाइन-ग्रेन्ड टोकनं: बरेच महिने वापरल्यावर

ऑगस्ट २०२१ मध्ये गिटहबनं (कोड ठेवायची साइट) पासवर्ड टाकून पुश करणं, म्हणजे आपला कोड तिथे चढवणं, बंद केलं, तेव्हा बहुतेकांनी एक क्लासिक टोकन (पासवर्डऐवजी वापरायची लांब किल्ली) काढलं, 'रेपो'वर (रेपो म्हणजे एका प्रकल्पाच्या कोडचा साठा) टिक केली आणि कामाला लागले. ती एक टिक म्हणजे तुमच्या खात्याला दिसणारी सगळी रेपो, ऑफिसची खासगीसुद्धा, वाचायची आणि जिथे हक्क असेल तिथे लिहायची मुभा. फाइन-ग्रेन्ड टोकनं, म्हणजे ठरावीक रेपो आणि ठरावीक परमिशनपुरती मर्यादित ठेवता येणारी, ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, पण बीटाचा (चाचणीचा) शिक्का निघायला मार्च २०२५ उजाडला. तो निघाल्यावर मी एकेक स्क्रिप्ट तिकडे नेली.

सुरुवातीला कंटाळा येतो. परमिशनची यादी संपता संपत नाही. रोजच्या कामाला मात्र 'कंटेंट्स' पुरतं: क्लोनला (रेपोची प्रत उतरवायला) रीड, पुशला राइट. वर्कफ्लोच्या (आपोआप चालणाऱ्या कामांच्या) फाइलला हात लावला असेल, तर वेगळी 'वर्कफ्लोज' परमिशन नसताना पुश परत येतो. हे मला पटतं. सीआयमध्ये, म्हणजे कोडची आपोआप होणारी बांधणी आणि चाचणी यांत, काय चालणार ते त्याच फाइलीत ठरतं ना! खासगी रेपोवर हक्क नसेल तर ४०४ ('सापडलं नाही' हा एरर) येतो, आणि माणूस यूआरएलमधली स्पेलिंग तपासत बसतो. एपीआयला (प्रोग्रॅममधून गिटहबला केलेल्या विनंतीला) नकार मिळाला तर उत्तरातला 'एक्स-ॲक्सेप्टेड-गिटहब-परमिशन्स' हेडर (उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ) आधी बघा. कुठली परमिशन हवी, ते तिथं लिहिलेलं असतं. या एका हेडरनं माझा जेवढा वेळ वाचवला, तेवढा डॉक्युमेंटेशननं नाही.

खरी डोकेदुखी एक्सपायरीची. मुदत संपत आली म्हणून 'रिजनरेट' दाबलं की जुनं टोकन त्याच क्षणी मेलं. सर्व्हरवरची स्क्रिप्ट लगेच बंद. म्हणून मी रिजनरेट करतच नाही. तशाच परमिशनचं नवं टोकन काढतो, सगळीकडे बदलतो, जुन्याच्या शेवटच्या वापराची नोंद पुढे सरकत नाही ना ते पाहतो, मग उडवतो. त्यासाठी नावं नीट हवीत: कुठलं मशीन, कुठलं काम. 'टेस्ट', 'टेस्ट-न्यू' अशा नावांची टोकनं उडवायची हिंमत कुणाला होत नाही.

साठवण्याबद्दल: क्लोनच्या यूआरएलमध्ये टोकन चिकटवू नका, ते त्या रेपोच्या गिट कॉन्फिगमध्ये उघडं पडून राहतं. गिटचा 'स्टोअर' हेल्परही (टोकन लक्षात ठेवणारी सोय) साध्या मजकुरातच लिहितो. विंडोजचा क्रेडेन्शियल मॅनेजर किंवा मॅकची कीचेन बरी. सार्वजनिक रेपोत टोकन चुकून गेलंच, तर गिटहब ते ओळखून स्वतःच रद्द करतं. टोकनांना २०२१ पासून ठरलेला उपसर्ग (सुरुवातीची अक्षरं) मिळाला, त्याचा हा फायदा.

सगळं मात्र यात बसत नाही. एक टोकन एकाच मालकाचं: स्वतःच्या खात्याचं किंवा एका ऑर्गनायझेशनचं, आणि ऑर्गनायझेशनमध्ये ॲडमिनची मंजुरी लागू शकते. ज्या ओपन सोर्स प्रकल्पाचे तुम्ही सदस्य नाही, तिथे योगदान द्यायला ते चालत नाही. गिटहबच्या पॅकेजेससाठीही (तयार सॉफ्टवेअर ठेवायची सोय) नाही. त्यामुळे तिथली कंटेनर इमेज (चालवायला तयार सॉफ्टवेअरचं बांधलेलं गाठोडं) ओढायला माझ्याकडे एक क्लासिक टोकन अजून आहे, फक्त पॅकेजेस वाचण्यापुरतं.