नशीब की कसब? ईए एफसी आणि रॉकेट लीग

कोथरूडचा माझा भाचा परवा विचारत होता, "मामा, ऑनलाइन स्पर्धेसाठी ईए एफसी घेऊ की रॉकेट लीग?"

दोन्ही व्हिडिओ गेम: ईए एफसी म्हणजे नेहमीचं फुटबॉल, रॉकेट लीग म्हणजे गाड्यांनी खेळायचं फुटबॉल. खर्चाचं सोपं आहे. रॉकेट लीग २०२० पासून फुकट आहे, एफसीची आवृत्ती दरवर्षी नवी.

खरा फरक नशिबाचा. एफसीच्या अल्टिमेट टीममध्ये, म्हणजे स्वतःचा संघ जमवायच्या प्रकारात, खेळाडूंचे पॅक (बंद पाकिटं) फोडायचे, आत कोण निघेल ते दैवावर. त्यात शॉट पोस्टला लागून नेमका समोरच्याच्या पायात पडतो, तेव्हा जीव तुटतो. तरी शंभर सामन्यांत चांगला खेळणाराच वर येतो, हेही खरं. रॉकेट लीगमध्ये विकतची चाकं नि रंग दिखाव्यापुरते. गाडी कोणत्या कोनात, किती वेगाने धडकवली, त्यावर चेंडूची दिशा ठरते. नशीब उरतं ते अनोळखी जोडीदारापुरतं, आणि एकास-एक खेळात तेही नाही.

मेहनत मात्र रॉकेट लीगमध्येच जास्त. गाडी हवेत उडवून चेंडू गाठायला महिने लागतात. फुटबॉल कळणाऱ्याला एफसी पहिल्याच संध्याकाळी जमतो.

मित्रांबरोबर तासभर फुटबॉल हवा असेल तर एफसी घ्या, पॅकवर पैसे न घालता. हरल्यावर आपली चूक शोधून सुधारायची असेल तर रॉकेट लीग. भाच्याला मी तीच सांगितली.