क्यूजीआयएस कंपाइल करताना न सापडणाऱ्या लायब्रऱ्या: कोणता मार्ग धरावा?

सामूहिक वनहक्काच्या हद्दी किंवा पाणलोटाचे नकाशे तयार करण्यासाठी गडचिरोली-यवतमाळकडील गावांत उबुंटू या लिनक्स प्रणालीवर क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एखाद्याने ते सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल करायला घेतले, की सीमेक हे बिल्डची तयारी करणारे साधन बहुधा पहिल्याच फेरीत जीडॅल (नकाशांच्या फायली वाचणारी लायब्ररी) किंवा प्रोज (नकाशा-प्रक्षेपणाचे गणित करणारी लायब्ररी) सापडत नसल्याचे सांगून थांबते. अनेकदा लायब्ररी संगणकावर असते. नसते ते तिचे ‘डेव्ह’ पॅकेज, ज्यात कंपायलरला लागणाऱ्या हेडर फायली असतात. केवळ नवी आवृत्ती हवी असेल, तर प्रकल्पाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतील (पॅकेजांच्या साठ्यातील) तयार पॅकेज घेणे बरे. पुढील तुलना कोडमध्येच बदल करू पाहणाऱ्यांसाठी आहे.

पहिला पर्याय उबुंटूच्या पॅकेज व्यवस्थापकाची ‘ॲप्ट-गेट बिल्ड-डेप’ ही आज्ञा हा आहे. त्यासाठी आधी सोर्स रिपॉझिटरी सुरू करावी लागते, कारण उबुंटूमध्ये ती मुळात बंद असते. मग एकाच आज्ञेत वितरणातील (म्हणजे उबुंटूसोबत मिळणाऱ्या) क्यूजीआयएसला लागणारी सर्व पॅकेजे येतात आणि किती डेटा खर्च होणार, हे होकार देण्यापूर्वीच दिसते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालते तिथे ही सोय लहान नाही. शिवाय ‘ॲप्ट’ उतरवलेल्या फायली बसवून झाल्यावर पुसते, तर ‘ॲप्ट-गेट’ त्या कॅशमध्ये ठेवते. त्यामुळे त्या पेनड्राइव्हवर घेऊन उबुंटूच्या त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या संगणकावर वापरता येतात. मर्यादा एवढीच, की यादी वितरणातील जुन्या आवृत्तीची असते आणि नव्या सोर्सला लागणारी एखादी गोष्ट तीत नसू शकते.

ती उणीव कोणती फाइल कोणत्या पॅकेजात आहे हे सांगणाऱ्या ‘ॲप्ट-फाइल’ने भरून निघते. त्रुटीच्या संदेशात ‘प्रोज डॉट एच’ मिळाली नाही असे असेल, तर त्या नावाने शोध घेतल्यावर ‘लिबप्रोज-डेव्ह’ हे पॅकेज कळते. सगळेच काम या पद्धतीने करणे मात्र कंटाळवाणे आहे, कारण एक अडथळा दूर होताच सीमेक पुढच्यावर अडते.

वितरणातील लायब्ररीच जुनी पडत असेल, तर कंटेनर, म्हणजे संगणकातच वेगळे ठेवलेले वातावरण, बरा. मूळ यंत्रणेला धक्का लागत नाही, पण सारी पॅकेजे पुन्हा उतरवावी लागतात, म्हणून हे काम तालुक्याच्या ठिकाणी चांगले इंटरनेट मिळेल तेव्हा उरकावे. बिल्डची फोल्डर कंटेनरबाहेर ठेवावी. भारनियमनात वीज गेली, तरी निन्जा हे कंपाइलचे काम चालवणारे साधन पूर्ण झालेल्या फायली सहसा पुन्हा कंपाइल करत नाही.

लायब्ररी स्वतः कंपाइल करून ‘यूएसआर लोकल’ या यंत्रणेच्या फोल्डरमध्ये टाकण्याचा मार्ग मी शेवटी ठेवीन. पॅकेज व्यवस्थापकाला तिची माहिती नसते, आणि क्यूजीआयएस नव्या प्रोजला, तर वितरणातील जीडॅल जुन्या प्रोजला जोडलेले राहिले, तर दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी लोड होऊन प्रोग्राम कोसळू शकतो. तरीही तोच मार्ग धरायचा असल्यास होम फोल्डरमध्ये वेगळा प्रीफिक्स (लायब्ररी बसवण्याची जागा) करावा आणि जीडॅलही त्याच प्रोजवर बांधावे.